पार्सल उशिरा आलं? स्टार देण्याआधी दिवस कुणाच्या हातात गेले ते मोजा

दुलई जयपूरहून यायची होती. ९ तारखेला मिळेल असं ॲपवर लिहिलेलं, मिळाली १४ तारखेला. मी दारातच मोबाइल उघडला, एका स्टारवर बोट टेकवलं आणि खाली लिहायला घेतलं: ‘बेजबाबदार विक्रेता, कुणी घेऊ नका.’ वहिनी त्या दिवशी आमच्याकडे नागपूरच्या मनीषनगरला आलेली होती. ती म्हणाली, “अहो ताई, आधी ट्रॅकिंग तर उघडून पाहा. माल कोणाकडे पडून राहिला ते कळू द्या, मग स्टार द्या.”

तिला तसं म्हणायला कारण होतं. वहिनी शहराच्या महाल भागातल्या घरी तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवते आणि ऑनलाइन विकते. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची लहान मुलं लाकडाचे नंदी सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. भोसल्यांच्या काळापासूनची ही नागपूरची रीत. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली माणसं आता हे नंदी ऑनलाइन मागवतात. पुण्याच्या अशाच एका आईनं मुलासाठी नंदी मागवला. वहिनीनं दुसऱ्याच दिवशी पार्सल कुरियरच्या मुलाच्या हाती दिलं. पुढं ते कुरियरच्या कुठल्याशा हबमध्ये, म्हणजे पार्सलं वेगळी करून पुढं पाठवायच्या ठिकाणी, अडकलं आणि तान्हा पोळा उलटल्यावर पोचलं. मुलगा हिरमुसला, आईचा संताप अगदी खरा होता. पण एक स्टार पडला तो वहिनीच्या दुकानावर. तोवर चारच जणांनी अभिप्राय दिले होते, चौघांचे पाच-पाच स्टार. पाचवा अभिप्राय एका स्टारचा आला आणि सरासरी पाचवरून ४.२ वर आली. पाच स्टारचे दोन हजार अभिप्राय असलेल्या मोठ्या दुकानाला तोच एक स्टार मिळाला असता, तर त्याची सरासरी ४.९९८ राहिली असती.

त्या दिवसापासून मी पार्सल उशिरा आलं की एकच हिशेब करते: दिवस किती गेले हे नंतर, कुणाच्या हातात गेले हे आधी. तो हिशेब कसा करायचा, त्यावरून पैसे कुणाकडे मागायचे आणि अभिप्राय कुठं, काय लिहायचा, ते इथं क्रमानं मांडते आहे.

ऑर्डर देतानाच करायची दोन कामं

पहिलं म्हणजे मिळण्याच्या तारखेचा स्क्रीनशॉट. उशीर झाला की बरीच ॲप्स जुन्या तारखेच्या जागी नवी तारीख दाखवतात. चार दिवसांनी तक्रार करायला जावं तर मूळ कबूल केलेली तारीख आपल्याकडं कुठंच नसते. ऑर्डर पक्की झाल्याचा ईमेल किंवा मेसेज येतो, त्यात ती तारीख असेल तर तोही जपून ठेवा.

दुसरं, वस्तू कोण विकतं आणि कोण पोचवतं ते पाहा. मार्केटप्लेसवर, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल एकाच ॲपवर विकणाऱ्या कंपनीकडं, ही दोन वेगळी माणसं असू शकतात. काही विक्रेते आपला माल आधीच मार्केटप्लेसच्या गोदामात ठेवतात, तिथूनच पॅकिंग होऊन माल निघतो. काही जण घरी पॅक करतात आणि मार्केटप्लेसनं ठरवलेलं कुरियर घरी येऊन उचलतं. काही जण स्वतःच पोस्टात किंवा कुरियरला जाऊन देतात. पहिल्या प्रकारात पार्सल वेळेवर निघालं की नाही यात विक्रेत्याचा हात जवळजवळ नसतोच. दुसऱ्यात त्याची जबाबदारी पॅक करून देण्यापर्यंत. तिसऱ्यात कुरियर त्यानंच निवडलेलं असतं, म्हणून त्याला जास्त विचारता येतं.

‘अमुक तारखेला मिळेल’ ही तारीखही बहुतेक वेळा विक्रेता लिहीत नाही. माल तयार करून द्यायला किती दिवस लागतील एवढं तो सांगतो. त्यात त्याच्या पिनकोडपासून आपल्या पिनकोडपर्यंतच्या वाटेचे दिवस मिळवून मार्केटप्लेस तारीख दाखवतं.

ट्रॅकिंग कसं वाचायचं

सगळं इथंच ठरतं, म्हणून माझ्या दुलईची नोंद जशीच्या तशी देते.

३ तारीख, दुपार: ऑर्डर कन्फर्म्ड.
३ तारीख, संध्याकाळ: लेबल क्रिएटेड.
५ तारीख, सकाळी ११: पिक्ड अप, जयपूर.
६ तारीख: जयपूर हबमधून रवाना.
८ तारीख, पहाटे: नागपूर हबमध्ये पोचलं.
१३ तारीख, सकाळ: आउट फॉर डिलिव्हरी.
१३ तारीख, संध्याकाळ: डिलिव्हरी अटेम्प्टेड, कस्टमर नॉट अव्हेलेबल.
१४ तारीख: डिलिव्हर्ड.

आता कागद घ्या आणि दिवस वाटून टाका. ३ ते ५ हे दोन दिवस विक्रेत्याचे. ५ ते ८ हे तीन दिवस वाटेतले. जयपूर ते नागपूर एवढ्या अंतराला ते रास्तच. ८ ते १४ हे सहा दिवस मात्र पार्सल नागपुरातच होतं, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. जयपूरच्या माणसानं दुलई वेळेत दिली होती. पाचही दिवसांचा उशीर आमच्या गावातल्या हबमध्ये झाला आणि मी एक स्टार देणार होते त्या जयपूरच्या माणसाला.

या नोंदी वाचताना काही खाचाखोचा लक्षात ठेवाव्या लागतात.

‘लेबल क्रिएटेड’ म्हणजे माल निघाला असं नाही. विक्रेत्यानं पत्त्याची चिठ्ठी छापली, एवढाच त्याचा अर्थ. लेबल सोमवारी आणि पिकअप शनिवारी असेल तर मधले दिवस संशयाचे. पण तेही सरळ विक्रेत्याच्या नावावर टाकू नका. वहिनीकडं कित्येकदा खोकं बांधून, चिकटपट्टी मारून, लेबल लावून दाराशी तयार असतं आणि पिकअपचा मुलगा येतच नाही. तो आला की मोबाइलनं एकेक लेबल स्कॅन करतो, मग पार्सलं पोत्यात जातात. नोंद सुरू होते ती त्या स्कॅनपासून. लेबल आणि पिकअप यांच्यामध्ये दोनापेक्षा जास्त दिवस गेलेले दिसले तर विक्रेत्याला विचारा. तेवढ्यावरून दोषी मात्र धरू नका.

एकाच हबचं नाव दोनदा आलं किंवा नागपूरचं पार्सल रायपूरला जाऊन परत आलं, तर ते चुकीच्या पोत्यात गेलं होतं. हा दोष पूर्णपणे वाहतुकीचा.

‘कस्टमर नॉट अव्हेलेबल’ ही नोंद पडली त्या दिवशी आपण घरी होतो का, फोन आला होता का, हे लगेच तपासा. त्या संध्याकाळी मी घरीच होते आणि माझ्या फोनवर एकही मिस्ड कॉल नव्हता. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. आठवड्यानं तो शोधत बसणं कठीण जातं.

टपाल खात्यानं आलेल्या पार्सलचा नंबर ओळखायला सोपा असतो: आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी ‘आयएन’. हा नंबर टपाल खात्याच्या साइटवर टाकला की बुक्ड, बॅग्ड, डिस्पॅच्ड, रिसीव्हड अशा नोंदी ऑफिसच्या नावासह दिसतात. मार्केटप्लेसच्या ॲपवर ‘ऑन द वे’ एवढंच असेल तेव्हाही इथं जास्त कळतं. खासगी कुरियरचंही तसंच. ॲपमधला एडब्ल्यूबी नंबर, म्हणजे कुरियरचा ट्रॅकिंग नंबर, उचलून थेट त्या कुरियरच्या साइटवर टाका.

आपल्या बाजूची चूक आधी बघा

नागपुरात ही पायरी टाळता येत नाही. बेसा, हुडकेश्वर, वाठोडा या बाजूला शेतं तुटून लेआउट पडले. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेनं आपापले प्लॉट एकपासून मोजले. त्यामुळं ‘प्लॉट नंबर ४२, बेसा’ असा पत्ता दिला तर त्या भागात बेचाळीस नंबरचे प्लॉट किती सापडतील सांगता येत नाही. पत्त्यात संस्थेचं किंवा लेआउटचं पूर्ण नाव लिहा. मग एक असं ठिकाण लिहा जे त्या गल्लीत नवा आलेला माणूसही विचारून शोधू शकेल: पाण्याची टाकी, शाळा, मंदिर. ‘पानठेल्याजवळ’ लिहू नका, पानठेले रोज हलतात.

पिनकोड पाहा. शहराचे पिनकोड ४४० ने सुरू होतात, कामठी, हिंगणा, बुटीबोरीकडं गेलं की ४४१. पिनकोडचे पहिले तीन आकडे वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन टपाल कार्यालय. १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी ही पद्धत आखून दिली आणि आज खासगी कुरियरसुद्धा तिच्यावरच चालतात. शेवटचा एक आकडा चुकला की पार्सल गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हबमध्ये जाऊन बसतं. माझ्या मैत्रिणीचं घर बदललं, तिनं पत्ता बदलला आणि पिनकोड जुनाच राहिला. ते पार्सल आठ दिवस फिरलं. त्यात विक्रेत्याचा काय दोष?

सण आणि पाऊसही धरा. मारबतीच्या दिवशी इतवारी-महालात रस्ते मिरवणुकीनं भरलेले असतात, तिथं डिलिव्हरीची गाडी शिरणार कशी? दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. डिसेंबरात अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्स आणि बर्डीकडं मोर्चे आणि वळवलेली वाहतूक. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी शिरलं, ते तर कुणाच्याच हातातलं नव्हतं. या दिवसांत एक-दोन दिवस पुढंमागं झालं तर मी ते हिशेबातच धरत नाही.

कुणाला, काय लिहायचं

कबूल केलेली तारीख उलटली की त्याच दिवशी भांडू नका, पण लिहा मात्र त्याच दिवशी. फोनवर बोललेलं मागे राहत नाही, म्हणून ॲपमधल्या मेसेजमधूनच लिहा. विक्रेत्याला मी आता असं लिहिते, उदाहरणाला दुलईच्याच तारखा घेतल्या आहेत:

‘नमस्कार. ३ तारखेची ऑर्डर ९ ला मिळायची होती, अजून मिळालेली नाही. ट्रॅकिंगनुसार पार्सल ८ पासून नागपूर हबमध्ये आहे. तुमच्याकडून ते वेळेत निघाल्याचं दिसतंय. तुम्हाला कुरियरकडं तक्रार टाकता येत असेल तर कृपया टाका. मी मार्केटप्लेसकडंही टाकते आहे.’

हा मेसेज वाचणाऱ्या विक्रेत्याला कळतं की समोरच्यानं नोंद पाहिली आहे. विक्रेत्याला त्याच्या विक्रेता-खात्यातून कुरियरकडं तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, टाकता येतं आणि पुष्कळदा तेच आपल्या फोनपेक्षा लवकर हलतं. जयपूरच्या विक्रेत्यानं मला तासाभरात उत्तर दिलं होतं. मीच आठवडाभर त्याला काही विचारलं नव्हतं.

मार्केटप्लेसला लिहिताना तीनच गोष्टी लिहा: कबूल केलेली तारीख, पार्सल किती दिवस कुठं थांबलं आहे, आणि तुम्हाला काय हवं आहे. लवकर पोचवणं की पैसे परत, एकच सांगा. तक्रारीचा तिकीट नंबर घ्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मार्केटप्लेसला प्रत्येक तक्रारीला असा नंबर द्यावाच लागतो.

इथं एक धोका आहे. पार्सल अडकलेलं असतं तेव्हाच ‘पत्ता अपुरा आहे, या लिंकवर जाऊन पाच रुपये भरा’ असे मेसेज येतात आणि आपण पार्सलची वाट पाहत असतो म्हणून ते खरे वाटतात. गुगलवर कुरियरचा कस्टमर केअर नंबर शोधला तर तिथंही बनावट नंबर बसवलेले असतात. नंबर नेहमी ॲपमधून किंवा कंपनीच्या साइटवरूनच घ्या. लिंकवर पैसे भरू नका, फोनवर कुणाला ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा, वेळ जाईल तसे पैसे थांबवणं अवघड होत जातं. डिलिव्हरीचा ओटीपीसुद्धा पार्सल हातात आल्यावरच द्यायचा. आधी दिला तर ॲपवर ‘डिलिव्हर्ड’ पडतं आणि आपल्या तक्रारीचा पाया जातो.

थांबायचं की परत करायचं

वस्तू एका दिवसापुरतीच हवी होती आणि तो दिवस गेला, तर ती घेऊन बसायचं बंधन आपल्यावर नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये स्पष्ट आहे की सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा आलेला माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. अपवाद एकच, पूर किंवा तत्सम कुणाच्याच हाताबाहेरच्या कारणानं उशीर झाला असेल तर. पुण्याच्या त्या आईला नंदी परत करून पैसे मागायचा पूर्ण हक्क होता. ते पैसे वहिनीनं एका शब्दानंही न भांडता दिले असते. पैसे परत मागणं ही एक गोष्ट, दुकानाला नावं ठेवणं ही दुसरी. पहिल्यासाठी दुसरं करावंच लागतं असं नाही.

पार्सल अजून वाटेत असेल तर ॲपमधून ऑर्डर रद्द करा. ते दारात आलं तर घेऊ नका, परत पाठवा. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर मात्र एक विचार करा. अशा परत गेलेल्या पार्सलला विक्रेते ‘आरटीओ’ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात, आणि त्या जाण्या-येण्याचा खर्च पुष्कळदा लहान विक्रेत्याच्या माथी येतो. वस्तू अजून कामाची असेल तर दोन दिवसांच्या उशिरासाठी तरी मी ती परत करत नाही.

मार्केटप्लेसनं दाद दिली नाही तर त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर असतो, त्यांना लिहा. नियमाप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. इथून तक्रार कंपनीकडं पाठवली जाते आणि माझ्या अनुभवात बहुतेक प्रकरणं इथंच मिटतात. तरीही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो किंवा काम करतो तिथंच दावा लावता येतो, म्हणजे विक्रेता जयपूरचा आणि कंपनी बंगळुरूची असली तरी नागपुरात. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर दाव्याला फी नाही. मुदत दोन वर्षं. १ जानेवारी २०२५ पासून सरकारचं ई-जागृती पोर्टल सुरू आहे, त्यावरून घरबसल्या दाखल करता येतं. एका दुलईसाठी मी आयोगात जाणार नाही. पण मोठी रक्कम अडकली असेल तर जायला कचरू नका.

अभिप्राय: कुठं, किती, कसा

पहिल्यांदा जागा बघा. अ‍ॅमेझॉनवर वस्तूचा रिव्ह्यू वेगळा आणि विक्रेत्याचा अभिप्राय वेगळा असतो. वस्तूच्या रिव्ह्यूत ‘उशिरा आली’ असं लिहून दुलईला एक स्टार दिला तर उद्या ती घेणाऱ्याला दुलईबद्दल काहीच कळत नाही. कापूस कसा भरला आहे, एका धुण्यात रंग गेला का, हेच त्याला हवं असतं. विक्रेत्याच्या अभिप्रायात विक्रेत्याच्या हातातलं लिहायचं: वेळेत पाठवलं का, नीट बांधलं का, सांगितलं तेच दिलं का, विचारल्यावर उत्तर दिलं का. हा अभिप्राय ऑर्डरपासून ९० दिवसांत देता येतो, त्यामुळं त्याच संध्याकाळी रागात द्यायची गरज नाही. आणि डिलिव्हरीसाठी बहुतेक ॲप्सवर वेगळा प्रश्न येतो, ‘डिलिव्हरी कशी झाली?’ आपण तो बाजूला सारतो, पण हबमधल्या पाच दिवसांची जागा तीच आहे.

हे बारकाईनं पाहायचं कारण विक्रेत्यावर चालणाऱ्या मोजमापात आहे. अ‍ॅमेझॉनच्या विक्रेत्यांना ऑर्डर डिफेक्ट रेट १ टक्क्याच्या खाली ठेवावा लागतो. साठ दिवसांतल्या ऑर्डरींपैकी किती ऑर्डरींवर एक-दोन स्टारचे अभिप्राय किंवा भरपाईचे दावे आले, ते त्यात मोजलं जातं. साठ दिवसांत साठ ऑर्डरी करणाऱ्या घरगुती दुकानाला एक वाईट अभिप्राय आला की तो दर १.६७ टक्के होतो, म्हणजे मर्यादेच्या वर. खातं बंद पडण्याची धास्ती तिथून सुरू होते. विक्रेत्यानं पाठवायला केलेला उशीर मार्केटप्लेस स्वतःच वेगळा मोजतं. आणि माल मार्केटप्लेसच्याच गोदामातून गेला असेल तर फक्त डिलिव्हरीबद्दलचा वाईट अभिप्राय अ‍ॅमेझॉन खोडून दाखवतं आणि जबाबदारी आपल्यावर घेतं. घरून पॅक करणाऱ्या बाईला हे संरक्षण मिळेलच असं नाही.

स्टार किती द्यायचे? माझी पद्धत सांगते. विक्रेत्यानं वेळेत दिलं, वस्तू ठीक, उशीर वाटेत: विक्रेत्याला पाच. विक्रेत्यानं एक-दोन दिवस उशिरा दिलं पण आपणहून कळवलं: चार. उशिरा दिलं आणि मेसेजलाही उत्तर नाही: दोन. ट्रॅकिंग नंबर खोटा, पार्सल पाठवलंच नाही आणि वर ‘उद्या येईल’ म्हणत राहिला: एक, आणि तो एक स्टार मी काही झालं तरी मागे घेत नाही. नेहमीच पाच स्टार देत सुटणं हाही अन्यायच आहे, कारण मग चांगल्या दुकानाच्या पाच स्टारना किंमत राहत नाही.

शब्दांबद्दल. तारखा लिहा, विशेषणं नकोत. जयपूरच्या विक्रेत्याला मी शेवटी असं लिहिलं: ‘३ ला ऑर्डर, ५ ला पाठवलं. दुलई जाड पिशवीत, वर खोकं, कुठं ओल नाही. शिवण नीट. डिलिव्हरीला उशीर झाला पण तो नागपूर हबमध्ये, विक्रेत्याकडून नाही. विचारल्यावर तासाभरात उत्तर.’ विक्रेत्याचीच चूक असेल तेव्हाही असंच: ‘१० ला ऑर्डर, दोन दिवसांत पाठवू असं लिहिलं होतं, १८ ला पाठवलं. दोन मेसेजना उत्तर नाही.’ वाचणाऱ्याला यातून ठरवता येतं. ‘चोर’, ‘फ्रॉड’ असले शब्द सिद्ध करता येणार नसतील तर लिहू नका. अब्रूनुकसानीचा विषय होऊ शकतो आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

आणखी दोन गोष्टी. ‘पैसे परत कर नाहीतर एक स्टार देतो’ असा मेसेज करू नका. हक्काचे पैसे हक्कानं मागा, धमकी कशाला? आणि पार्सलमध्ये ‘पाच स्टार द्या, शंभर रुपये मिळवा’ अशी चिठ्ठी निघाली तर ती फाडून टाका. पैसे घेऊन लिहिलेला अभिप्राय दुसऱ्या ग्राहकाला फसवतो. भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, ते असल्याच प्रकारांना आवर घालायला.

चुकीचा अभिप्राय दिला गेला असेल तर बदला किंवा काढून टाका. त्याला मुदत असते, म्हणून ‘नंतर बघू’ नको.

विकणाऱ्यांसाठी

घरून विकणाऱ्या बायका मला हे वहिनीमुळं विचारतात, म्हणून थोडं.

पाठवायला लागणारे दिवस खरे लिहा. ‘एका दिवसात’ लिहिलं की यादीत वर दिसतं हे खरं, पण नंदीचा रंग पावसाळ्यात एका दिवसात वाळत नाही. मारबतीच्या दिवशी महालात पिकअप येणार नाही, म्हणून आदल्या रात्रीच ॲपवर सुटी टाका. पिकअपच्या मुलानं स्कॅन केलं की यादीवर त्याची सही घ्या किंवा स्कॅनचा फोटो काढा. ‘मी वेळेत दिलं’ हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो. वहिनी खोकं बंद करतानाचा छोटा व्हिडिओही काढते, शिंगांना वर्तमानपत्र गुंडाळलेलं दिसेल असा.

अन्यायाचा अभिप्राय आला तर त्या दिवशी उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी दोन ओळी लिहा: ‘नंदी सणानंतर पोचला याचं फार वाईट वाटलं. आम्ही पार्सल दुसऱ्याच दिवशी कुरियरला दिलं होतं, पुढचा उशीर वाहतुकीत झाला. पैसे परत हवे असतील तर आजच देतो.’ हे उत्तर त्या एका ग्राहकासाठी कमी आणि पुढं वाचणाऱ्या सगळ्यांसाठी जास्त असतं. अभिप्राय काढण्याच्या बदल्यात पैसे देऊ नका, तो बहुतेक मार्केटप्लेसच्या नियमांचा भंग आहे. अभिप्राय फक्त डिलिव्हरीबद्दल असेल तर मार्केटप्लेसला ट्रॅकिंगसह विनंती करा. वहिनीनं केली होती, पिकअपची तारीख दाखवून. पुण्याच्या त्या ताईंनाही तिनं तीच नोंद पाठवली, काही न मागता. चार दिवसांनी त्यांनी स्वतःच तो एका स्टारचा अभिप्राय काढून टाकला आणि पुढच्या वर्षी दोन नंदी हवेत असं लिहिलं.

आता तिच्या दुकानात नंदीच्या फोटोखाली पहिलीच ओळ आहे: ‘तान्ह्या पोळ्यासाठी नागपूर शहरात सणाच्या पाच दिवस आधीपर्यंत, विदर्भात आठ आणि पुण्या-मुंबईला पंधरा दिवस आधीपर्यंतच ऑर्डर घेऊ. त्यानंतर मागवल्यास सणापर्यंत पोचेलच असं सांगता येणार नाही, विचार करून मागवा.’